टक्का लहान, फेरा मोठा

(कोथरूड येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

आजचा विषय ऐकून काही जणांना आश्चर्य वाटले असेल. शेतमालाचे भाव, कंत्राटी कामगारांचे वेतन, शिक्षणाचे बाजारीकरण हे आपल्या अभ्यासवर्गांचे नेहमीचे विषय. त्यांच्या पंगतीत कॅसिनोतील पत्त्यांच्या यंत्राला जागा का द्यावी, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. माझे उत्तर सरळ आहे. कष्टाचा पैसा ज्या ज्या वाटेने कष्टकऱ्याच्या हातून निसटतो, ती प्रत्येक वाट समाजवाद्याला ठाऊक असली पाहिजे. जुगाराविषयी आपण आजवर पुष्कळ बोललो. पण ते बहुधा नीतीच्या भाषेत. जुगार वाईट, तो घर बुडवतो, हे आपण सांगतो आणि ऐकणारा मान डोलावून पुन्हा खेळायला जातो. कारण त्याच्या मनातल्या प्रश्नाला आपण उत्तर दिलेले नसते. त्याचा प्रश्न नीतीचा नसून हिशेबाचा असतो. तो म्हणतो, "यंत्र शंभरातले सत्त्याण्णव रुपये परत देते. तीन रुपयांत कोण बुडतो?" आज मला या एकाच प्रश्नाचे उत्तर द्यायचे आहे.

प्रथम हे यंत्र आपल्या शेजारी आले कसे ते पाहू. गोव्यात १९७६ सालचा सार्वजनिक जुगारविषयक कायदा आहे. त्या कायद्याने जुगाराला बंदी होती. १९९२ मध्ये त्यात १३-अ हे कलम घालण्यात आले आणि पंचतारांकित हॉटेलांत विजेवर चालणाऱ्या करमणुकीच्या व नाण्यांच्या यंत्रांना परवानगी देण्याचा अधिकार सरकारला मिळाला. १९९६ मध्ये आणखी दुरुस्ती होऊन पाण्यावरील जहाजांत टेबलावरचे जुगार खेळवण्यास वाट मोकळी झाली. मांडवीच्या पात्रात रोषणाईने झगमगणारी जहाजे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील; ती या दुरुस्तीची संतती होय. या मांडणीचा एक परिणाम ध्यानात घ्या. जहाजावर माणूस पत्ते वाटतो, जमिनीवर मात्र कायद्याने यंत्रच हवे. म्हणून ब्लॅकजॅकसारखा टेबलावरचा खेळही जमिनीवर यायचा, तर तो पडद्यावर, यंत्राच्या पोटातूनच येतो.

महाराष्ट्रानेही हा मोह धरला होता. कॅसिनोंचे नियंत्रण व कर यांविषयीचा कायदा आपल्या विधिमंडळाने १९७६ मध्येच केला होता. तो कधीच अमलात आला नाही, आणि २०२३ मध्ये तो रद्द करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला. ही गोष्ट चांगली झाली. परंतु पुण्याहून पणजी एका रात्रीच्या प्रवासावर आहे. शिवाय गोवा सरकारने १ फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या रहिवाशांना कॅसिनोत खेळण्यास मनाई केली. याचा अर्थ नीट समजून घ्या. ही गोष्ट आपल्या माणसांना घातक आहे, हे त्या सरकारने स्वतःच्या आदेशानेच कबूल केले. आणि बाहेरून येणाऱ्यांसाठी दार उघडे ठेवले. ते बाहेरचे म्हणजे कोण? ते आपण आहोत. सुट्टीला निघालेले कोथरूडचे, सांगलीचे, कोल्हापूरचे, बेळगावचे लोक आहेत. तेव्हा गोव्याच्या यंत्रांचा हिशेब करण्याचा आपल्याला पुरेपूर अधिकार आहे.

आता खेळ समजून घेऊ. ब्लॅकजॅक सोपा आहे. दुर्री ते दश्शी या पानांची किंमत त्यांच्या अंकाइतकी. राजा, राणी, गुलाम यांची दहा. एक्क्याची एक किंवा अकरा, जी सोयीची असेल ती. खेळणाऱ्याला दोन पाने मिळतात, मालकाला दोन, आणि मालकाचे एक पान उघडे असते. पानांची बेरीज २१ च्या जितकी जवळ जाईल तितके चांगले. पण २१ ओलांडले की डाव बुडाला. खेळणारा हवे तर आणखी पान मागतो, नको तर थांबतो. मालकाला मात्र मर्जी नाही. सोळापर्यंत त्याने पान घ्यायचे आणि सतरावर थांबायचे, हा नियम ठरलेला असतो.

ऐकताना वाटते की हा तर खेळणाऱ्याच्याच बाजूचा खेळ आहे. विचार करण्याचे स्वातंत्र्य त्याला, मालक नियमाने बांधलेला. मग मालकाचा फायदा येतो कोठून? तो येतो क्रमातून. खेळणारा आधी खेळतो. त्याची बेरीज २१ च्या पुढे गेली की त्याची पैज तेथेच जप्त होते. त्यानंतर मालकाचीही बेरीज पुढे गेली असती, तरी पैज परत मिळत नाही. दोघेही बुडाले तर एकटा मालक तरतो, ही या खेळाची मेख आहे.

तिचे मोल काढता येते. सतराच्या नियमाने खेळणारा मालक शंभरातल्या सुमारे २८ डावांत २१ ओलांडतो. खेळणाऱ्यानेही मालकाची नक्कल करून तोच नियम पाळला, तर तोही शंभरात २८ वेळा बुडेल. दोघेही बुडण्याची पाळी २८ टक्क्यांच्या २८ टक्के, म्हणजे शंभरात सुमारे आठ वेळा येईल. हे आठ डाव मालकाला केवळ क्रमामुळे मिळतात. बाकी सर्व गोष्टी सारख्या.

एवढा उघड कल असता तर कोणी खेळायलाच बसले नसते. म्हणून खेळणाऱ्याला काही सवलती दिलेल्या असतात. त्यांतली सर्वांत मोठी म्हणजे पहिल्या दोनच पानांत एक्का आणि दहाच्या किमतीचे पान आले, तर त्याला पैजेपेक्षा जास्त रक्कम मिळते. यालाच ब्लॅकजॅक म्हणतात आणि त्यावरूनच खेळाला नाव पडले. शिवाय पैज दुप्पट करण्याची आणि सारखी दोन पाने आल्यास त्यांचे दोन डाव करण्याची मुभा असते. या सवलती अक्कलहुशारीने वापरल्या, तर जुन्या, चांगल्या नियमांच्या टेबलावर मालकाचा हिस्सा शंभराला अर्ध्या रुपयाच्या आसपास उतरतो. हे काढले कोणी? १९५६ मध्ये अमेरिकी सैन्यातील चार तरुणांनी, टेबलावरच्या साध्या गणकयंत्रांवर आकडेमोड करून. आणि त्यांचा निबंध तेथील संख्याशास्त्राच्या प्रतिष्ठित नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मालकाच्या उघड्या पानावर छक्की असेल तर आपल्या तेरावरही थांबावे. त्याच्याकडे दश्शी असेल तर आपल्या सोळावरही पान मागावे. अकरा आले तर बहुधा पैज दुप्पट करावी, असे ते कोष्टक आहे.

येथे यंत्राचा प्रवेश होतो. पडद्यावर तीच पाने, तोच हिरवा गालिचा, तेच नियम दिसतात. बदललेली असते ती एक ओळ. ब्लॅकजॅक आल्यावर किती द्यायचे, ती ओळ. जुन्या टेबलावर ते तीनास दोन या प्रमाणात देत, म्हणजे शंभराच्या पैजेवर दीडशे. अनेक ठिकाणी ते सहास पाच झाले, म्हणजे शंभराला एकशेवीस. आणि पुष्कळ यंत्रांवर ते सरळ बरोबरीचे असते, शंभराला शंभर. पाहणाऱ्याला वाटते, फरक तो किती!

आपण मोजू. पत्त्यांचा एक जोड ५२ पानांचा. त्यात एक्के चार आणि दहाच्या किमतीची पाने सोळा. पहिल्या दोन पानांत ही जोडी येण्याची शक्यता शंभरात ४.८, म्हणजे हजार डावांत सुमारे ४८ वेळा. त्यांपैकी एकदोन वेळा मालकालाही तेच येते आणि डाव बरोबरीत सुटतो. उरले ४६. आता एका माणसाने शंभर शंभर रुपयांचे हजार डाव खेळले, म्हणजे एक लाख रुपये फिरवले, असे धरा. दीडशेच्या दराने या ४६ डावांचे त्याला ६,९०० रुपये मिळतील. एकशेवीसच्या दराने ५,५२०. शंभराच्या दराने ४,६००. पहिल्या दरापेक्षा दुसऱ्यात १,३८० रुपये कमी आणि तिसऱ्यात २,३०० रुपये कमी. मूळचा मालकाचा हिस्सा लाखाला ५०० रुपये होता. तो दुसऱ्या दराने १,८८० झाला आणि तिसऱ्या दराने २,८००. एका ओळीतला एक आकडा बदलला आणि मालकाचा हिस्सा साडेपाचपट झाला! पाने तीच, नियम तेच, लबाडी कोठेही नाही.

आणि हा हिशेब ज्याने कोष्टक तोंडपाठ केले आहे, त्याचा. मालकाची नक्कल करणाऱ्याला अशा यंत्रावर शंभराला आठ रुपये द्यावे लागतात. बाकी सगळे या दोहोंच्या मध्ये कोठे तरी असतात. वादासाठी आपण खेळणारा हुशार आहे असेच धरू आणि मालकाचा हिस्सा शंभराला २.८ रुपये मानू. म्हणजे शंभरातले सत्त्याण्णवहून थोडे अधिक परत येतात. आपल्या मित्राचे म्हणणे खरे ठरले. आता तो बुडतो कसा?

मित्रहो, महाराष्ट्राच्या खेड्यात वाढलेल्या माणसाला हे समजावणे अवघड जाऊ नये. सावकार 'शेकडा तीन' म्हणाला, तर शहाणा कुणबी ताबडतोब विचारी, "वर्षाला, की महिन्याला?" शेकडा तीन हा आकडा एकट्याने काहीच सांगत नाही. वर्षाला तीन म्हणजे उपकार, महिन्याला तीन म्हणजे फास, दिवसाला तीन म्हणजे मरण. यंत्राचा दर शेकडा २.८ आहे; पण तो वर्षाला नाही, दिवसाला नाही, तासालाही नाही. तो दर डावाला आहे. आणि डाव किती वेळाचा? बटण दाबायचे, पाने पाहायची, पुन्हा बटण दाबायचे. दहा सेकंद.

मिनिटाला सहा डाव म्हणजे तासाला ३६०. डावाला पन्नास रुपये लावले, तर तासाला १८,००० रुपये फिरले. त्याचे २.८ टक्के म्हणजे ५०४ रुपये. खिशात तीन हजार घेऊन बसलेला माणूस स्वतःशी म्हणत असतो, "तीन हजारांचे तीन टक्के म्हणजे नव्वद रुपये, तेवढी करमणुकीची किंमत झाली." पण त्याचे तीन हजार एका तासात सहा वेळा यंत्रातून फिरून येतात आणि प्रत्येक फेऱ्यात मालक आपला वाटा काढून घेतो. या गतीने सरासरीने सहा तासांत त्याचे तीन हजार संपतात. हिस्सा आणलेल्या पैशावर नसतो, फिरवलेल्या पैशावर असतो. जुगाराच्या यंत्राविषयी एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल, तर ते हे ठेवा.

माणूस पत्ते वाटत असला तर भरलेल्या टेबलावर तासाला साठसत्तर डाव होतात. पाने पिसावी लागतात, शेजाऱ्याला विचार करायला वेळ लागतो, कोणी चहा मागवतो. त्या सुस्तीत खेळणाऱ्याचे पैसे वाचत होते. यंत्राने ती सुस्ती काढून टाकली. कारखान्यात यंत्राचा वेग वाढवून कामगाराकडून जास्त काम काढून घेतात, हे आपण जाणतो. येथे त्याच युक्तीने गिऱ्हाईकाकडून जास्त हरवून घेतात.

तुलनेसाठी मटका घ्या. गिरणगावाने आणि अवघ्या महाराष्ट्राने त्याची झळ सोसली आहे. १९६० नंतरच्या दशकात कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांच्या नावाने तो घराघरांत पोचला. शून्य ते नऊ यांतला एक आकडा लावायचा, लागला तर एका रुपयाचे नऊ. आकडे दहा, मोबदला नऊ. म्हणजे मालकाचा हिस्सा शेकडा दहा. यंत्रापेक्षा साडेतीनपट महाग. पण ओपन आणि क्लोज असे दिवसात दोन आकडे. दोन्हींवर पन्नास पन्नास रुपये लावणारा दिवसाला सरासरी दहा रुपये हरतो. पन्नासाच्याच पैजेने यंत्रावर बसलेला तासाला पाचशे हरतो. दर साडेतीनपट स्वस्त आणि नुकसान एका तासात पन्नासपट! टक्का लहान, पण फेरा मोठा. स्वस्त दिसणाऱ्या यंत्राने महागड्या मटक्याला असे मागे टाकले.

यावर कोणीही म्हणेल, "पण जिंकून आलेली माणसे आम्ही पाहिली आहेत." खरे आहे, मी ते नाकारत नाही. उलट अशी माणसे असणे हा या धंद्याचा पाया आहे. सरासरी ५०४ रुपये असली, तरी प्रत्येक जण नेमके ५०४ हरत नाही. नशिबाचा चढउतार मोठा असतो. वरच्या दराने शंभर माणसे एक तास खेळली, तर संख्याशास्त्राच्या नियमाने सुमारे तीस माणसे नफ्यात उठतील. हेच तीस जण गावभर सांगत सुटतात. उरलेले सत्तर गप्प बसतात. आता तीच शंभर माणसे पुरेसे पैसे घेऊन दहा तास खेळली, तर नफ्यात सुमारे सात उरतील. शंभर तास खेळली, तर बहुधा एकही नाही. याकोब बेर्नुली या गणितज्ञाने ज्या नियमाची सिद्धता दिली आणि जी १७१३ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली, तो हाच नियम होय. वेळा वाढतील तसतसे नशीब मागे पडते आणि सरासरी पुढे येते. खेळणाऱ्याचे काही तास असतात. मालकाचे रात्रंदिवस सर्व यंत्रांवरचे सर्व तास असतात. म्हणून एकाच खेळात एकाच्या वाट्याला जुगार येतो आणि दुसऱ्याच्या वाट्याला पगारासारखे निश्चित उत्पन्न.

दुसरा आक्षेप कौशल्याचा. आपल्याकडे नळाची कथा आहे. पुष्कराशी द्यूत खेळून राज्य घालवलेला नळ, ऋतुपर्णाकडून अक्षहृदय शिकतो आणि सारे परत मिळवतो. बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे मोजून दाखवणारा तो ऋतुपर्ण म्हणजे संख्येची विद्या जाणणारा पुरुष. ब्लॅकजॅकचे असे अक्षहृदय एडवर्ड थॉर्प या अमेरिकी गणितज्ञाने १९६२ मध्ये पुस्तकरूपाने जगापुढे ठेवले. गेलेली पाने लक्षात ठेवली, तर उरलेल्या पानांत एक्के व दश्श्या जास्त आहेत की कमी हे कळते आणि अनुकूल वेळी पैज वाढवता येते. ही विद्या खरी होती. पण ती चालत होती, कारण टेबलावर गेलेली पाने काही काळ बाहेर राहत. यंत्र बहुधा प्रत्येक डावाला संपूर्ण जोड नव्याने पिसते. त्याला काल आठवत नाही, मागचा डावही आठवत नाही. नळाने शिकून यावे आणि पुष्कराने दर फेकीला फासेच बदलावेत, असा हा प्रकार आहे. यंत्रापुढे कौशल्याने हानी आठावरून तीनावर येते. ती नफ्यात बदलत नाही.

तिसरी समजूत दुपटीची. हरलो की पुढची पैज दुप्पट करायची, एकदा जिंकलो की सारे भरून निघते, असा हिशेब पुष्कळांना पटतो. पन्नासापासून सुरुवात करून सहा डाव ओळीने हरले तर ५०, १००, २००, ४००, ८००, १,६०० मिळून ३,१५० रुपये गेले. मिळणार होते किती? पन्नास. बरोबरीचे डाव वगळले तर या खेळात माणूस शंभरात त्रेपन्न-चोपन्न वेळा हरतो. सहा वेळा ओळीने हरण्याचा प्रसंग सुमारे चाळिसांत एकदा येतो. तासाला ३६० डाव खेळणाऱ्याला त्याची फार वाट पाहावी लागत नाही.

आता या चित्रातला तिसरा खेळाडू, म्हणजे शासन. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये चमारबागवाला प्रकरणात जुगार हा घटनेने संरक्षण दिलेला व्यापार नव्हे, असा निर्वाळा दिला. १९६७ मध्ये रमीला कौशल्याचा खेळ ठरवले. त्या निकालाच्या आडोशाने पुढे मोबाइलवरचे पैशांचे खेळ वाढले आणि अखेर २०२५ च्या ऑगस्टात संसदेने कौशल्य की नशीब हा भेदच बाजूला सारून पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांना कायद्याने बंदी केली. म्हणजे फोनच्या पडद्यावर जे वर्ज्य ठरले, तेच पंचतारांकित हॉटेलातल्या पडद्यावर परवान्याने चालू आहे. घटनेने जुगार हा विषय राज्यांकडे दिलेला आहे आणि राज्यांना महसूल हवा आहे. आपल्या महाराष्ट्र सरकारनेही १९६९ मध्ये स्वतःची लॉटरी काढलीच. कॅसिनोत भरलेल्या रकमेवर १ ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के वस्तू व सेवा कर लागला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तो ४० टक्क्यांवर नेण्यात आला. कर वाढवला म्हणून आपण टाळ्या वाजवाव्यात काय? मला तसे वाटत नाही. कराने यंत्राचा वेग कमी होत नाही. उलट ज्या धंद्यातून तिजोरीला मोठा हिस्सा मिळतो, तो धंदा बंद करताना सरकारचा हात जड होतो. गोव्याच्या १३-अ कलमात सरकारला मिळायच्या शुल्काची तरतूद आहे. खेळणाऱ्याला किती परत मिळावे, याचा आकडा नाही.

दुसरीकडे काय करतात? अमेरिकेतील नेव्हाडा राज्यात यंत्रावर पत्ते दाखवले, तर खऱ्या पत्त्यांतली शक्यताच त्यात असली पाहिजे, असा नियम आहे. ब्रिटनमध्ये यंत्र सरासरी किती परत देते, हे खेळणाऱ्याला दिसेल असे दाखवावे लागते. ब्रिटनचेच दुसरे उदाहरण आपल्याला अधिक उपयोगी आहे. तेथे भर बाजारातल्या पैजेच्या दुकानांत अशी यंत्रे होती, की वीस सेकंदांच्या एका डावाला शंभर पौंड लावता येत. रुलेटच्या खेळात त्या यंत्रांचा हिस्सा शेकडा २.७ होता, म्हणजे आपल्या उदाहरणातल्या इतकाच लहान. पण तासाला १८० डाव म्हणजे १८,००० पौंड फिरणार आणि सरासरी ४८६ पौंड जाणार. मजूरवस्त्यांत घरे बुडू लागली. लोकांनी आंदोलन केले; दिरंगाई होते म्हणून २०१८ मध्ये एका मंत्रीणबाईंनी, ट्रेसी क्राउच यांनी, राजीनामा दिला; आणि १ एप्रिल २०१९ पासून पैजेची कमाल मर्यादा शंभर पौंडांवरून दोन पौंडांवर आली. टक्का तेथे कोणी बदलला नाही. फिरणारी रक्कम बांधली. रोगाचे निदान बरोबर झाले म्हणून औषध लागू पडणारे होते.

आपल्या भूमीतही असे निदान पूर्वी झाले आहे. १८७५ च्या मे महिन्यात याच पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. दख्खनचे दंगे म्हणून ते इतिहासात गाजले. त्यानंतर १८७९ मध्ये झालेल्या शेतकरी साहाय्य कायद्याने दोन गोष्टी केल्या. कागदावर काय लिहिले आहे एवढ्यावर न थांबता मूळ व्यवहार काय होता, हे तपासण्याचा अधिकार न्यायालयाला दिला. आणि कुळाला पावती व खात्याचा उतारा मागण्याचा हक्क दिला. तो कायदा अपुरा होता, परक्या सरकारचा होता. तरीही त्यामागचे तत्त्व मोलाचे आहे. ज्याला हिशेब येतो त्याने, ज्याला येत नाही त्याला, तो दाखवला पाहिजे.

तेच तत्त्व घेऊन आपण काही मागण्या कराव्यात, असे मी सुचवतो. बंदीची मागणी आपली आहेच. ती सोडावी असे मी म्हणत नाही. पण बंदी येईपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. पहिली मागणी अशी की, प्रत्येक यंत्रावर मराठीत, कोकणीत आणि हिंदीत, शंभरामागे मालक किती ठेवतो आणि नेहमीच्या गतीने तासाला सरासरी किती रुपये जातात, हे दोन्ही आकडे लिहिलेले असावेत. पहिला आकडा एकटा लिहिला तर ती जाहिरात होईल. दुसरा लिहिला तरच ते सत्य होईल. दुसरी मागणी, डावाची किमान वेळ आणि पैजेची कमाल मर्यादा कायद्याने ठरावी. तिसरी, उठताना प्रत्येकाला पावती मिळावी. तिच्यावर किती आणले, किती फिरवले, किती गेले हे छापलेले असावे. यंत्राला हे सारे ठाऊक असते. सांगण्याची सक्ती तेवढी नाही. चौथी, आपल्या शहरांत व्हिडिओ गेमच्या नावाखाली मागल्या दाराने रोकड देणारी जी दुकाने चालतात, त्यांच्यावर १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली कारवाई व्हावी. तेथे तर दराची ओळही नसते आणि यंत्राच्या पोटात काय आहे, हे कोणी तपासलेले नसते.

रोजगाराचा मुद्दा पुढे केला जाईल. कॅसिनोत शेकडो तरुण नोकरीला आहेत, पर्यटन वाढते, असे सांगतात. त्या तरुणांच्या पोटाची काळजी आपल्यालाही आहे. पण अर्थशास्त्रात निर्मिती आणि हस्तांतर या दोन भिन्न गोष्टी आहेत. यंत्र धान्य पिकवत नाही, कापड विणत नाही, रोग्याला बरे करत नाही. ते एकाच्या खिशातला पैसा दुसऱ्याच्या खिशात नेते आणि नेताना काही पगार वाटते. तो पैसा घरी राहता, तर वाण्याकडे, शिंप्याकडे, शाळेच्या फीमध्ये गेला असता आणि तेथेही कोणाच्या तरी हाताला काम मिळाले असते.

शेवटी कार्यकर्त्यांना एक विनंती. सुतारदऱ्यात जा, किष्किंधानगरात जा, किंवा डहाणूकर कॉलनीतल्या सुस्थित मित्रांकडे जा; या विषयावर बोलताना उपदेश करू नका. उपदेशाने माणूस लाजतो आणि लपून खेळतो. त्याच्याबरोबर कागद घेऊन बसा. डावाला किती लावतोस, मिनिटाला किती डाव होतात, शंभराला किती परत मिळतात, एवढे तीन आकडे त्याच्याच तोंडून काढून घ्या आणि गुणाकार त्याच्याच हाताने करू द्या. आलेला आकडा त्याच्या दिवसाच्या मजुरीशेजारी लिहा. त्यापुढे आपण काही बोलण्याची गरज पडणार नाही. आपल्या आजोबा-पणजोबांनी सावकाराच्या ओट्यावर उभे राहून विचारलेला प्रश्न आज यंत्रापुढे विचारायचा आहे. शेकडा तीन ठीक. पण किती वेळाला?